पनवेलला भेटलेली सभासदाची लेक



ऊसविकास विभागाकडून या पानावर दरवेळी लागण, बेणेमळा, हुमणीचा बंदोबस्त, खोडव्यातील पाचट असे विषय येत असतात. या अंकासाठीही खोडव्यावरच लिहून ठेवले होते. ते पुढच्या अंकी येईल. या वेळी जरा वेगळी हकिगत सांगावयाची आहे. ती आहे आपल्याच एका सभासदाच्या मुलीची, आणि तिच्या निमित्ताने आणखी दोघींची. त्या दोघींची नावे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. या तिसरीचे नाव आम्ही देत नाही. "नाव कमावल्यावर छापा, काका," असे तिनेच आम्हांस बजावले आहे.

झाले असे. आषाढात आडसाली लागणीच्या नोंदी घेत फिरताना एका सभासदाच्या वस्तीवर चहाला थांबलो. गृहस्थ जुने ऊस उत्पादक, कधी नोंद चुकवणार नाहीत की बेण्याला पाय लावणार नाहीत. चहा झाला तरी ते उठू देईनात. शेवटी म्हणाले, "साहेब, तुम्ही मुंबईला जाणार म्हणे. वाटेत पनवेल लागतं. आमची धाकटी तिथं ऱ्हाती. तिला जरा समजावून सांगा आणि जमलं तर संगं घेऊनच या."

मुलगी बी. ए. झालेली. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आणि युवा महोत्सवात नाटकांतून कामे केली, दोन बक्षिसेही मिळाली. मग नटी व्हायचे म्हणून घर सोडून पनवेलला मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. वर्ष होत आले. पहिल्या सहा महिन्यांचा खर्च वडिलांनी खोडव्याच्या बिलातून दिला, पुढे हात आखडता घेतला. "सात महिने झालं, मी फोनवर बोललो न्हाई. तिची आई बोलती," ते म्हणाले. "चांगली सोयरीक आलीय. पोरगा नोकरीला हाय. लोकं तोंडावर काय बोलत न्हाईत, पण पाठीमागं बोलत्यात." आतून वहिनी काही बोलल्या नाहीत. निघताना मात्र शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आमच्या गाडीत ठेवून गेल्या.

आम्ही होकार दिला खरा. मनात मात्र धाकधूक होती. हुमणीवर औषध सांगणे वेगळे आणि लोकांच्या लेकीला शहाणपण सांगणे वेगळे.

पनवेलच्या बाजारात

पनवेल आपल्याला माहीत आहे ते एस. टी. चा थांबा म्हणून. घाट उतरला की पनवेल, मग मुंबई आली म्हणायची. पण हे गाव जुने, तळ्यांचे. जवळच्या शिरढोणला 1845 साली वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म झाला. गावातले मोठे नाट्यगृह त्यांच्याच नावाने आहे आणि तिथे राज्यभरातून पोरे एकांकिका घेऊन येतात. लोकलने मुंबईला जायला सव्वा-दीड तास लागतो. मुंबईत भाडे परवडत नाही, त्यामुळे नाटक-सिनेमात नशीब काढू पाहणारी बरीच मुले-मुली अशा ठिकाणी राहून रोज ये-जा करतात, असे कळले.

आम्ही फोन केला तेव्हा मुलगी म्हणाली, "काका, खोलीवर नको, बाजारात या. मी सकाळी तिथंच असते." आम्हांस वाटले भाजी घ्यायला आली असेल. जाऊन पाहतो तर ही रस्त्याकडेला बसलेल्या ठाकर बायांच्या रांगेत मांडी घालून बसलेली! पुढ्यात करटोली आणि टाकळ्याच्या जुड्या. एक म्हातारी तिला जुडी बांधायला शिकवत होती आणि हिचा गाठ मारायचा हात चुकला की खो-खो हसत होती.

विचारले, हा काय प्रकार? तर म्हणाली, एकांकिकेत ठाकर बाईचे काम मिळाले आहे. तीन आठवड्यांपासून रोज पहाटे दोन तास या बायांबरोबर बसते. त्या कशा बसतात, गिऱ्हाइकाशी कशा बोलतात, डोईवरचा भार कसा उतरवतात, ते बघते. "नऊवारी गुडघ्यापर्यंत नेसली आणि कपाळाला गोंदण काढलं म्हणजे ठाकरीण होत नाही, काका."

आमचा निम्मा उपदेश तिथेच जिरला. कारण कृषी पदविका घेऊन आम्ही या कारखान्यात लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या वरिष्ठांनी जे सांगितले ते हेच होते. ऊस पुस्तकात कळत नाही, सरीत उतरल्याशिवाय कळत नाही.

कर्नाळ्याचा सुळका आणि शिरपूरची लेक

दुपारी तिला सुट्टी होती. तिनेच आम्हांस गोवा रस्त्याने कर्नाळ्यापर्यंत नेले. पनवेलपासून बाराएक किलोमीटर. पक्ष्यांचे अभयारण्य आहे, आणि वर किल्ल्याचा सुळका अंगठ्यासारखा आभाळात उभा. कातळात मधमाश्यांची पोळी. गो. नी. दांडेकरांनी 'जैत रे जैत' ही कादंबरी लिहिली ती या कर्नाळ्याच्या आसमंतातल्या ठाकरांवर. तीवरून डॉ. जब्बार पटेलांनी 1977 साली चित्रपट काढला. निर्मिती उषा मंगेशकरांची, संगीत हृदयनाथांचे, आणि गाणी ना. धों. महानोरांची. महानोर म्हणजे पळसखेडचे शेतकरी, कवितेइतकेच रानात रमणारे. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याच चित्रपटाला मिळाला. नाग्याचे काम मोहन आगाशे यांनी केले आणि चिंधीचे काम स्मिता पाटील यांनी.

स्मिता पाटील हे नाव सिनेमावाल्यांनी घ्यावे तसे साखर कारखान्याच्या माणसांनीही घ्यावे असे आहे. त्यांचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे खानदेशातले स्वातंत्र्यसैनिक, पुढे राज्यात मंत्री, आणि शिरपूरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीतले पुढारी. 2013 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 2017 साली ते वारले. म्हणजे ही आपल्याच बिरादरीतली लेक. जन्म 17 ऑक्टोबर 1955, पुण्याचा. आई विद्याताई समाजकार्यातल्या. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत मुलगी वाढली. मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झाले, त्यानंतर थोड्याच काळात ती तिथे मराठी बातम्या देऊ लागली. बातम्यांची वेळ झाली की जीन पँटवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यापुढे बसत असे, ही आठवण तिच्या परिचितांनी अनेकदा सांगितली आहे. तिथेच श्याम बेनेगल यांची नजर तिच्यावर गेली. 1975 साली 'चरणदास चोर' आणि 'निशांत', आणि 1976 साली 'मंथन'.

'मंथन'विषयी आपल्या सभासदांना मुद्दाम सांगावेसे वाटते. गुजरातमधल्या दूध सहकारी संस्थांची ही कथा. चित्रपटाला भांडवल कोणी दिले? तर 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये दिले. दहा लाख जमले आणि चित्रपट उभा राहिला. पुढे तो लागला तेव्हा आपलाच सिनेमा म्हणून गावोगावचे शेतकरी गाड्या भरभरून पाहायला आले. शेअर्स आपले, कारखाना आपला, तसा हा सिनेमा त्यांचा. 2024 साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली. त्यात स्मिताने बिंदू नावाच्या गवळणीचे काम केले आहे. त्या चित्रीकरणाची एक गोष्ट सांगितली जाते. कॉलेजची पोरे हिरॉइन पाहायला आली. हिरॉइन कुठे आहे विचारले, तर लोकांनी गावातल्या बायांच्या घोळक्याकडे बोट केले. पोरांचा विश्वासच बसेना. कारण स्मिता त्याच बायांत, त्यांच्यासारखीच बसलेली होती.

"म्हणूनच मी बाजारात बसते," आपली मुलगी म्हणाली. हे सगळे तिला तोंडपाठ होते. आम्हीही त्यातले बरेचसे तिच्याकडूनच ऐकले आणि परत आल्यावर पडताळून घेतले.

'जैत रे जैत' आला तेव्हा स्मिताचे वय बावीसच्या आत-बाहेर, म्हणजे आपल्या मुलीएवढेच. त्याच 1977 सालच्या 'भूमिका' चित्रपटासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा चित्रपट जुन्या काळच्या नटी हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला. हंसाबाईंच्या काळी मुलगी सिनेमात जायची ती बहुधा घरची चूल पेटावी म्हणून, तिला कोणी विचारतही नसे. स्मिताच्या काळी शिकलेली मुलगी स्वतःच्या मर्जीने गेली. पुढे 'चक्र'साठी दुसरा राष्ट्रीय पुरस्कार, 1982 साली 'उंबरठा', 1985 साली पद्मश्री. 'उंबरठा'तली सुलभा महाजन सुधारगृहात नोकरीसाठी घर सोडून जाते आणि परत येते तेव्हा घर तिचे राहिलेले नसते. तो चित्रपट पाहून कित्येक घरांत भांडणे झाली असतील.

आणि 13 डिसेंबर 1986 रोजी, बाळंतपणानंतर दोनच आठवड्यांनी, स्मिता गेली. वय 31. बारा वर्षांच्या आत सगळे आटोपले. 'मिर्च मसाला' तर तिच्या माघारी पडद्यावर आला.

वहीतला हिशेब

संध्याकाळी मुलीच्या खोलीवर गेलो. तिघी मैत्रिणी एका खोलीत. भिंतीला लावून तीन पेट्या, कोपऱ्यात गॅसची शेगडी. लाडवांचा डबा दिला तेव्हा मुलगी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली.

मग आम्ही वडिलांचा निरोप सांगितला. सोयरिकीचेही सांगितले. तिने वाद घातला नाही. एक दोनशेपानी वही काढून आमच्या पुढे ठेवली. पाहतो तर आमच्या लागण नोंदवहीसारखे रकाने पाडलेले. तारीख, ठिकाण, कसली चाचणी, काय झाले. वर्षात 41 ठिकाणी चाचणी दिली होती. तीन ठिकाणी काम मिळाले. एका मालिकेत नर्सचे दोन प्रसंग, एका जाहिरातीत गर्दीतली बाई, आणि ही एकांकिका, जिला पैसे नाहीत. शेवटच्या पानांवर खर्च: भाडे, लोकलचा पास, जेवण. दुपारपासून ती एका कपड्यांच्या दुकानात काम करते आणि सुट्टीच्या दिवशी दोन मुलांच्या शिकवण्या घेते. जमा-खर्चाची तोंडमिळवणी होत होती, कशीबशी.

एका ओळीवर लाल रेघ होती. विचारले तर म्हणाली, "तिथं मी फसले." एका कचेरीत मालिकेत मोठे काम देतो म्हणून फोटो काढण्यासाठी आणि नाव नोंदणीसाठी पैसे घेतले. नंतर कचेरीला कुलूप. खोडव्याच्या बिलातले पैसे असे गेले, आणि ते घरी सांगायचे धाडस झाले नाही. "अण्णांचे पैसे होते. म्हणून दुकानात लागले. फेडल्याशिवाय घरी यायचं नाही ठरवलंय. निम्मे साठलेत."

म्हणजे बाप समजत होता की लेक मस्तीत आहे, फोन करत नाही. आणि लेक पैसे फेडण्याच्या विवंचनेत. सात महिने दोघे असे बसलेले.

आम्ही आमच्या भाषेत म्हणालो, "बाळ, 41 टिपऱ्या लावल्या आणि तीन डोळे फुटले. असा प्लॉट आम्ही मोडायला सांगतो."

ती हसली. शेतकऱ्याचीच पोर. म्हणाली, "मोडायच्या आधी नांग्या भरून बघतात की नाही, काका?"

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. मुदत मात्र घालून घेतली. आणखी दीड वर्ष, म्हणजे एक आडसाली पीक. तोवर पोटापुरते काम या धंद्यात मिळाले नाही, तर नाट्यशास्त्राचे रीतसर शिक्षण घ्यायचे किंवा बी. एड. करायचे. तिने ते वहीत लिहून खाली सही केली.

"ती मंत्र्याची लेक होती"

परत आल्यावर वस्तीवर गेलो. मुलगी बरोबर नाही हे पाहून सभासद काही बोलले नाहीत. आम्ही बाजारातले सांगितले, वहीचे सांगितले, आणि तिच्याच परवानगीने फसवणुकीचेही सांगितले. ते ऐकताना वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग आम्ही स्मिता पाटलांची गोष्ट काढली. सभासद शांतपणे म्हणाले, "साहेब, ती मंत्र्याची लेक होती. आमच्या लेकीमागं कोण हाय?"

हा प्रश्न खोटा नाही. पाठीशी शिकलेले, चार माणसांत ऊठबस असलेले घर असणे आणि तीन एकरांचा ऊस असणे यात फरक आहे. आम्ही त्यांना अकलूजची आठवण दिली. अकलूज म्हणजे साखरेचा पट्टा. तिथल्या शिक्षक दांपत्याची मुलगी रिंकू राजगुरू, जन्म 2001 चा. नागराज मंजुळे यांनी तिला शाळकरी वयात निवडले. 'सैराट' 29 एप्रिल 2016 रोजी लागला, पण राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा खास उल्लेख त्याआधीच झालेला होता. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची आपल्या गटातल्या पोरींनी किती डोक्यावर घेतली होती ते आपण पाहिले आहे. आम्हांस मात्र त्या मुलीची पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. लोकांची इतकी गर्दी होऊ लागली की रोज शाळेत जाणे अशक्य झाले. तेव्हा बाहेरून बसून तिने 2017 साली दहावी केली, 66 टक्के मिळवले. 2019 साली बारावीला 82 टक्के. त्याच वर्षी 'कागर', पुढे 2022 साली अमिताभ बच्चन यांच्याबरोबर 'झुंड', 2023 साली 'झिम्मा 2'. पहिल्याच पिकाला विक्रमी उतारा पडला तरी तिने शिक्षणाचा बांध फोडला नाही.

"तशी एखादीच," सभासद म्हणाले. तेही खरे. हजारांत एखादीच रिंकू होते, आणि बाकीच्यांची वही लाल रेघांनी भरते. हे आम्ही नाकारले नाही, आणि मुलीलाही नाकारू दिलेले नाही.

बराच वेळ ते तंबाखू मळत बसले. मग विचारले, "एकांकिका कधी हाय म्हणाला?"

आम्ही तारीख सांगितली, डिसेंबरातली.

"त्या आठवड्यात आमच्या प्लॉटची तोड न्हाई ना येणार? तेवढं बघा."

सभासदांना माहीत आहेच की तोडणी कार्यक्रम लागणीच्या तारखेनेच चालतो, त्यात कोणासाठी मागेपुढे होत नाही. पण यांची लागण पूर्वहंगामी, नोव्हेंबरची. तोड जानेवारीच्या आत येत नव्हती. तसे सांगितले. निवांत जा म्हणालो.

पुढे काय झाले

पुष्कळांनी मागाहून विचारले म्हणून सांगतो. नवराबायको दोघेही पनवेलला गेले, रात्रीच्या एस. टी. ने. लेकीला आधी कळवले नव्हते. नाट्यगृहात शेवटून दुसऱ्या रांगेत बसले. एकांकिकेला बक्षीस मिळाले नाही. वडील आम्हांस म्हणाले, "साहेब, पोरगी पाटी उतरवून टेकली न्हवं, तवा मला वाटलं, ही कोण म्हातारी? वळखलीच न्हाई." एवढेच बोलले आणि बेण्याचा विषय काढला. फसवणुकीत गेलेले पैसे त्यांनी सोडून दिले. मुलगी मात्र ते फेडणारच म्हणून बसली आहे. सोयरीक मोडली. घरात अजून सगळे गोड झाले आहे असे नाही. दर रविवारी फोन मात्र होतो.

मुलीला एका मालिकेत महिनाभराचे काम मिळाले, ते संपले. सध्या एका नाटकाच्या तालमी चालू आहेत, दुकानाची नोकरीही चालू आहे. वहीतला आकडा 41 वरून 58 वर गेला आहे. मुदतीतले सहा महिने संपले.

ज्यांच्या घरात अशी मुलगी किंवा मुलगा असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून हे लांबलेले पुराण पुरे करतो. एक, काम देणारा माणूस पैसे देतो, मागत नाही. नोंदणीचे, फोटोचे पैसे मागितले की उठून यावे. दोन, चाचणीला जाताना कुठे, कोणाकडे जातो ते घरच्यांना किंवा मैत्रिणीला सांगून जावे. मुलीने हे आता नेमाने सुरू केले आहे. तीन, या कामाचेही शिक्षण असते. पुण्याला विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि फिल्म इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठाची नाट्यशास्त्राची अकादमी, दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय. प्रवेश अवघड आहे, पण रीतसर आहे. चौथी गोष्ट आई-वडिलांसाठी. फोन बंद करू नये. फसलेली पोर सगळ्यात आधी घरी सांगेल, एवढी वाट उघडी ठेवावी.

खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाचा लेख पुढील अंकी. तोवर पाचट कोणीही पेटवू नये, ही विनंती.

जय सहकार!

— ऊसविकास अधिकारी